थेम्सचे पहारेकरी जॉन हॅरियट

मनुष्य जातो आणि नाव उरते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते नेमके कोठे उरते, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोणाचे नाव देवळाच्या पायरीवर कोरलेले असते, कोणाचे धर्मशाळेच्या भिंतीत बसविलेल्या शिळेवर असते, तर कोणाचे एखाद्या गरीब विद्यार्थ्यास मिळणाऱ्या शिष्यवृत्तीस जोडलेले असते. शिळेवरील नाव काळाच्या ओघात पुसट होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दृष्टीस पडूनही ते वाचले जात नाही. चालत्या कार्यास जोडलेले नाव मात्र त्या कार्याबरोबर रोज नव्याने उच्चारले जाते.

लंडन शहरातून वाहणाऱ्या थेम्स नदीवर पहारा करणाऱ्या पोलिसांनी आपल्या पूर्वसूरींच्या स्मरणासाठी हाच दुसरा मार्ग पत्करला. त्यांनी आपल्या गस्तीच्या नौकांस माणसांची नावे दिली. त्यांत दलाच्या संस्थापकांची नावे आहेत, तशीच कर्तव्य बजावताना प्राणास मुकलेल्यांचीही आहेत. जॉन हॅरियट, पॅट्रिक कोहून, गॅब्रिएल फ्रँक्स आणि नीना मॅके ही त्यांपैकी काही नावे होत. यांतील पहिले नाव ज्यांचे, त्या जॉन हॅरियट यांचा जीवनवृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. त्यांच्या चरित्राशी गॅब्रिएल फ्रँक्स या एका मुकादमाचे मरण असे निगडित झाले आहे की, एकाचे वर्णन करताना दुसऱ्यास वगळता येत नाही.

बालपण आणि समुद्रावरील दिवस

जॉन हॅरियट यांचा जन्म इ. स. १७४५ साली इंग्लंडच्या पूर्वेकडील एसेक्स परगण्यात ग्रेट स्टँब्रिज या लहानशा गावी झाला. हा मुलूख सखल, खाड्यांनी चिरलेला आणि भरती-ओहोटीच्या तालावर जगणारा. अशा प्रदेशातील मुलास समुद्राची ओढ लागावी यात नवल नाही. आपल्याकडे मुलाची मुंज होऊन तो पाटीवर धडे गिरवू लागतो त्या वयाहून फारसा मोठा नसतानाच हॅरियट इंग्लंडच्या आरमारात दाखल झाले.

ते दिवस युरोपातील सात वर्षांच्या युद्धाचे होते. वेस्ट इंडीजकडून परतताना त्यांचे जहाज खडकावर आदळून फुटले, त्यातून ते बचावले. १७६२ साली अ‍ॅडमिरल पोकॉक यांच्या हाताखाली स्पॅनिशांचे हवाना हे बंदर इंग्रजांनी घेतले, त्या मोहिमेत हा मुलगा होता. आणि न्यूफाउंडलंड परत मिळविण्याच्या वेळीही तो हजर होता. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या आत त्याने तोफांचा धूर, बुडते जहाज आणि मृत्यूचे तांडव ही सर्व पाहिली. पुढे तह झाला, आरमारातील माणसे कमी करण्यात आली, आणि हॅरियट व्यापारी जहाजांवर चाकरी करू लागले. त्या भ्रमंतीत काही काळ ते अमेरिकेतील आदिवासींच्या वस्तीतही राहिले.

हिंदुस्थानातील चाकरी

यानंतर त्यांच्या आयुष्याचा ओघ आपल्या देशाकडे वळला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात त्यांना जागा मिळाली. कंपनीचा अंमल तेव्हा हिंदुस्थानात नुकता हातपाय पसरू लागला होता, माणसे थोडी आणि कामे पुष्कळ अशी स्थिती होती. त्यामुळे या तरुण अधिकाऱ्यास लष्करी कामाबरोबरच लष्करी न्यायालयातील दुय्यम सल्लागाराचे काम करावे लागले, आणि धर्मोपदेशकाची जागा रिकामी असताना काही दिवस तेही काम त्यांच्याकडे आले. तलवार, कायदा आणि धर्मग्रंथ अशा तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती याव्यात, हा त्या काळाचा विलक्षण प्रकार होय.

कंपनीस न जुमानणाऱ्या एका राजावर झालेल्या स्वारीत त्यांच्या पायास तोड्याच्या बंदुकीची गोळी लागली. जखम जबर होती. आपल्या भूमीवरील त्या राजाचे नाव इंग्रजी वृत्तांतात फारसे आढळत नाही. परंतु त्याच्या एका अनाम बंदूकवाल्याच्या गोळीने लंडनच्या इतिहासास वेगळे वळण लागले, असे म्हणण्यास हरकत नाही. पाय धड असता तर हॅरियट बहुधा लष्करातच राहिले असते. पण धावपळीच्या चाकरीस ते निरुपयोगी झाले, आणि सुमात्रा व केप या बाजूने हिंडत अखेर मायदेशी परतले.

बांध, आग आणि भरती

इंग्लंडमध्ये आल्यावर त्यांनी जहाजांच्या विम्याचा धंदा केला, मद्याचा व्यापार केला, आणि शेवटी एसेक्समध्ये शेती धरून ते स्थिर झाले. तेथे त्यांना दंडाधिकाऱ्याचे काम मिळाले. परंतु स्वस्थ बसणे हा त्यांचा पिंडच नव्हता. किनाऱ्यालगत रशली नावाचे एक बेट होते, आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारी त्याची जमीन कोणाच्याही उपयोगाची नव्हती. सन १७८१ च्या सुमारास हॅरियट यांनी ते बेट घेतले आणि सभोवती मातीचा बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर ठेवण्याचे काम आरंभिले. आपल्या कोकणात खारबंदिस्ती करून खाजणाची शेती केली जाते, तिची मेहनत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कामाची कल्पना सहज येईल. एका रात्रीत भगदाड पडले तर वर्षाचे कष्ट वाया जातात. तरीही बांध उभा राहिला, जमीन पिकू लागली, आणि लंडनच्या कला-उद्योगास उत्तेजन देणाऱ्या मंडळाने त्यांस सुवर्णपदक देऊन गौरविले.

परंतु दैवाने दिलेले दैवानेच नेले. १७९० मध्ये आगीत त्यांचे घरदार भस्मसात झाले. ती राख निवते न निवते तोच समुद्राच्या मोठ्या उधाणाने बांध फोडला आणि पिकती जमीन पुन्हा खाऱ्या पाण्याखाली गेली. पंचेचाळीशी उलटलेल्या गृहस्थाने पुन्हा शून्यापासून आरंभ करणे ही साधी गोष्ट नव्हे. नशीब काढण्याच्या आशेने ते अमेरिकेस गेले, परंतु तेथेही मनाजोगते घडले नाही, आणि १७९५ च्या सुमारास ते इंग्लंडला परत आले.

येथवर त्यांचे आयुष्य पाहिले तर ते एका फसलेल्या माणसाचे आयुष्य वाटेल. खलाशी, शिपाई, विमेवाला, व्यापारी, शेतकरी, वसाहतवाला अशी सर्व सोंगे वठवून झाली, आणि पन्नाशीच्या घरात हाती काही नाही. पण याच सर्व अनुभवांची एकत्र गरज पडेल असे एक काम थेम्सच्या काठी त्यांची वाट पाहत होते. नदी आणि जहाजे त्यांस ठाऊक होती. कायदा ठाऊक होता. माणसे हाताखाली कशी वागवावी हे ठाऊक होते. आणि पाण्याच्या शक्तीविरुद्ध बांध घालण्याची जिद्द अंगात होती.

थेम्स नदीची अवस्था

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन हे जगातील सर्वांत गजबजलेले बंदर बनले होते. वेस्ट इंडीजची साखर, रम आणि कॉफी, पूर्वेकडील कापड व मसाले, उत्तरेकडील कोळसा आणि लाकूड हे सारे थेम्सच्या मुखातून आत येई. परंतु जकातीचा माल उतरविण्यास कायद्याने मान्य केलेले धक्के अवघे वीस होते, आणि ते एलिझाबेथ राणीच्या काळी नेमलेले होते. जहाजे नदीच्या मध्यभागी दाटीवाटीने नांगरून दिवसचे दिवस, आठवडेचे आठवडे ताटकळत, आणि त्यांचा माल उघड्या पडावांतून काठावर आणावा लागे.

अशा स्थितीत चोरीस ऊत आला होता. तिचे प्रकारही नाना होते. रात्री पडावांचे दोर कापून ते वाहत नेणारे होते. जहाजावरील माणसास फितवून साखरेची पिंपे फोडणारे होते. कपड्यांच्या आत पिशव्या शिवून दिवसाढवळ्या साखर व कॉफी भरून नेणारे हमाल होते. उंदीर मारण्याच्या निमित्ताने जहाजावर चढून माल लांबविणारे होते, आणि जहाजावरून टाकलेल्या पुड्या ओहोटीच्या चिखलातून वेचणारी मुलेही होती. लंडनचे दंडाधिकारी पॅट्रिक कोहून यांच्या अंदाजाप्रमाणे नदीवर काम करणाऱ्या सुमारे ३३,००० माणसांपैकी ११,००० माणसे या ना त्या चोरीत गुंतलेली होती, आणि व्यापाऱ्यांचे वार्षिक नुकसान पाच लाख पौंडांच्या घरात होते.

हे आकडे व्यापाऱ्यांच्या बाजूने मांडलेले होते, हे विसरून चालणार नाही. नाण्यास दुसरी बाजूही होती. या मजुरांची मजुरी तुटपुंजी होती, काम अनिश्चित होते, आणि जहाज रिकामे करताना सांडलेली साखर किंवा टोपलीभर कोळसा घरी नेणे हा पिढ्यानपिढ्या चालत आलेला आपला हक्क आहे, असे ते समजत. धनी त्याकडे काणाडोळा करी आणि त्याच सबबीवर मजुरी कमी देई. जो हक्क म्हणून बापाने भोगला तीच गोष्ट मुलाच्या वेळी चोरी ठरली, म्हणजे मनात किती विष साठत असेल याची कल्पना करता येते. पुढे जो रक्तपात झाला त्याचे मूळ येथे आहे.

नदीवरील पोलीस

हॅरियट यांनी १७९७ साली नदीवर स्वतंत्र पोलीस ठेवण्याची योजना तयार केली. होड्यांतून रात्रंदिवस गस्त घालणारी पगारी माणसे, त्यांवर तपासनीस, आणि काठावर एक कचेरी जेथे दंडाधिकारी बसेल, असे तिचे स्वरूप होते. गुन्हा घडल्यावर बक्षिसाच्या आशेने चोर पकडण्याऐवजी गुन्हा घडूच नये म्हणून पहारा ठेवावयाचा, हा या योजनेतील मुख्य विचार होता. त्या काळी इंग्लंडमध्ये पगारी पोलीस म्हणजे जुलमी सत्तेचा हस्तक, अशी सर्वसाधारण समजूत असल्याने ही कल्पना धाडसाची होती. सरकारदरबारी योजना गेली, परंतु तेथे काही हालचाल झाली नाही.

पुढे हॅरियट यांची कोहून यांच्याशी गाठ पडली. कोहून हेही १७४५ सालीच जन्मलेले. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे मुख्य नगराधिकारीपद भूषवून लंडनास आलेले, आकडेमोडीत निष्णात आणि मोठ्यांच्या वर्तुळात वजन असलेले असे गृहस्थ. हॅरियट यांजकडे नदीचा अनुभव आणि योजना, कोहून यांजकडे लेखणी आणि शब्दास मान. या दोघांचा योग जुळून आल्यावर वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी खर्चाचा मोठा भार उचलण्याचे मान्य केले, सरकारनेही संमती दिली, आणि २ जुलै १७९८ रोजी वॉपिंग येथे नदीच्या काठावर कचेरी उघडली. पहिल्या वर्षाचा खर्च ४,२०० पौंड आणि आरंभीची माणसे सुमारे पन्नास. कोहून हे वरिष्ठ दंडाधिकारी झाले. हॅरियट हे तेथेच वास्तव्य करून दैनंदिन कारभार पाहणारे दंडाधिकारी झाले, म्हणजे व्यवहारात सर्व बोजा त्यांच्याच खांद्यावर आला.

होड्या वल्ह्यांच्या होत्या. वल्हेकरी आणि त्यांजवर एक तपासनीस अशी माणसे थंडी, धुके, पाऊस यांची पर्वा न करता जहाजांच्या रांगांतून फिरत. कचेरीने आणखी एक महत्त्वाचे काम केले. जहाजे रिकामी करणाऱ्या हमालांची नोंद ठेवून, त्यांच्या टोळ्यांवर विश्वासू मुकादम नेमून, मजुरीही कचेरीमार्फत देण्याची व्यवस्था केली. अशा मुकादमांपैकी एक गॅब्रिएल फ्रँक्स होता.

ऑक्टोबरची ती रात्र

१६ ऑक्टोबर १७९८ रोजी सायंकाळी वॉपिंगच्या कचेरीत कोळसा चोरल्याच्या आरोपावरून तिघांची चौकशी झाली. दोघे कोळसा उपसणारे मजूर होते, तिसरा एका पहारेकऱ्याचा पोऱ्या होता. तिघांस प्रत्येकी चाळीस शिलिंग दंड झाला. त्या मजुरांपैकी चार्ल्स आयर्स हा दंड भरून बाहेर पडला, तो दारातच त्याचा भाऊ जेम्स भेटला. दंड भरल्याचे ऐकून जेम्सचा संताप अनावर झाला. पैसे परत घेतल्यावाचून जाणे नाही, असा हट्ट धरून त्याने भावास पुन्हा कचेरीकडे ओढले. पाहता पाहता कोळशाचे मजूर गोळा झाले, आणि जमावाचा आकडा दोन हजारांवर गेल्याचे वृत्तांतात नमूद आहे. दगडांचा वर्षाव होऊन खिडक्या फुटल्या. कचेरी जमीनदोस्त करून आतील माणसांसह जाळावी, इतकी मजल गेली.

आत माणसे मूठभर होती. दारे-खिडक्या कशाबशा बंद करून एका शिपायाने पिस्तूल झाडले, आणि जमावातील एक मनुष्य ठार झाला. क्षणभर शांतता पसरली. तेवढ्या अवधीत कोहून प्रभृती बाहेर आले आणि दंग्याविषयीचा कायदा मोठ्याने वाचून त्यांनी जमावास निघून जाण्यास फर्माविले. परंतु आपल्यापैकी एकाचे प्रेत समोर पडलेले असताना ऐकतो कोण?

गॅब्रिएल फ्रँक्स या वेळी जवळच्याच एका मद्यगृहात बसला होता. दिवसाचे काम संपलेले होते. गलबला ऐकून तो दोघा सोबत्यांसह कचेरीकडे धावला. दार आतून बंद असल्याने त्यास आत घेता आले नाही. माघारी फिरून स्वस्थ घरी जाण्यास त्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. परंतु तो गेला नाही. दंगेखोरांवर नजर ठेवावी, कोण काय करतो ते पाहून ठेवावे म्हणजे पुढे साक्ष देता येईल, असा विचार करून तो गर्दीच्या कडेला उभा राहिला. एका सोबत्यास त्याने एका दंगेखोरावर लक्ष ठेवण्यास सांगितले, आणि दुसऱ्यास एखादी तलवार मिळते का ते पाहण्यास पाठविले. हाती हत्यार नाही, अंगावर सरकारी निशाणी नाही, आणि भोवती खवळलेला जमाव, अशा स्थितीत तो उभा होता. तलवार आणण्यास गेलेला मनुष्य परत येण्यापूर्वीच कोठून तरी बंदूक कडाडली आणि फ्रँक्स गोळी लागून कोसळला.

तो लगेच मेला नाही. काही दिवस त्याने वेदनेत काढले, परंतु गोळी कोणी झाडली हे त्यास सांगता आले नाही. ते पुढेही निश्चित झाले नाही. जेम्स आयर्स याने दंगा पेटविला, त्या दंग्यातून हा खून झाला, म्हणून त्याचे उत्तरदायित्व त्याजवर, असा न्यायालयाने निर्णय केला आणि जानेवारी १७९९ मध्ये त्यास फाशीची शिक्षा झाली. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल त्या काळी बरोबर असेल; परंतु चाळीस शिलिंगांच्या दंडापासून आरंभ होऊन एक अनाम मजूर, एक मुकादम आणि एक भाऊ अशा तिघांचा बळी पडावा, ही गोष्ट आजही वाचताना मन विषण्ण करते. तिघेही कष्टकरी होते. एकाच नदीवर, एकाच चिखलात त्यांचे आयुष्य गेले होते.

बलिदानानंतर

फ्रँक्सच्या मृत्यूने नदीवरील पोलिसांचे काम थांबले नाही. पहिल्या वर्षी १,२२,००० पौंडांचा माल वाचल्याचा हिशेब कोहून यांनी मांडला. आकड्यांविषयी मतभेद होतील. परंतु व्यापाऱ्यांचा आणि सरकारचा विश्वास बसला, हे निर्विवाद आहे. जेरेमी बेंथॅम या सुप्रसिद्ध तत्त्वज्ञाने विधेयकाचा मसुदा करण्यास साहाय्य केले, आणि १८०० साली पार्लमेंटने कायदा करून हे दल सरकारी केले. व्यापाऱ्यांच्या पैशावर चालणारे पहारेकरी आता सर्व जनतेचे सेवक झाले. सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे सुप्रसिद्ध पोलीस दल १८२९ मध्ये स्थापिले. वॉपिंगचे दल त्याहून एकतीस वर्षांनी वडील होय. १८३९ मध्ये ते लंडनच्या मुख्य दलात विलीन झाले.

हॅरियट यांनी पुढे सुमारे अठरा वर्षे वॉपिंगचा कारभार पाहिला. १८११ च्या डिसेंबरात वॉपिंगजवळच्या रॅटक्लिफ रस्त्यावर दोन कुटुंबांची निर्घृण हत्या होऊन सारे लंडन हादरले. पहिल्या घटनेच्या ठिकाणी प्रथम पोहोचलेला शिपाई हॅरियट यांच्याच दलातील होता. वृद्ध हॅरियट यांनी ताबडतोब पत्रके छापून माहिती देणाऱ्यास वीस पौंडांचे बक्षीस जाहीर केले. वरिष्ठांची परवानगी घेतली नाही म्हणून त्यांस बोलणी खावी लागली. नियमापेक्षा काम मोठे मानणाऱ्या माणसाच्या वाट्यास असा प्रसाद नेहमीच येतो.

याखेरीज जहाजातील पाणी उपसण्याचे पंप, आगीतून सुटका करण्याचे साधन अशा युक्तींचाही त्यांस नाद होता. घर आगीत गेलेल्या आणि जहाज फुटलेल्या माणसाचे चित्त अशाच साधनांकडे वळावे, हे स्वाभाविक आहे. आयुष्यातील धडपडीचा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहिला. तो १८०७ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. अखेरीस प्रकृती ढासळली, दुखणे असह्य झाले, आणि अधिकार सोडल्यावर अल्पावधीतच २२ एप्रिल १८१७ रोजी त्यांचे निधन झाले.

नौकेवरील नाव

हॅरियट यांच्यानंतरही कित्येक दशके नदीवरील पोलीस वल्ह्यांच्याच होड्यांतून फिरत होते. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी आगबोट थेम्सवर दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या वेळी वल्ह्यांच्या होड्यांची मर्यादा सर्वांस कळून चुकली आणि दलास वाफेवर चालणाऱ्या नौका मिळाल्या. पुढे मोटारीच्या नौका आल्या. काळ बदलला, साधने बदलली, परंतु वॉपिंगची जागा मात्र सुटली नाही. आजही लंडनच्या नदी-पोलिसांचे मुख्य ठाणे तेथेच आहे, आणि त्याच वास्तूत त्यांचे लहानसे वस्तुसंग्रहालयही आहे.

याच दलाच्या नौकांस हॅरियट, कोहून आणि फ्रँक्स यांची नावे देण्यात आली. फ्रँक्स हा अधिकारी नव्हता. पोलिसांच्या कचेरीने नेमलेला तो हमालांचा मुकादम होता. तरीही कर्तव्यात पडलेल्या पहिल्या माणसांत दल त्यास आपला म्हणून गणते. नीना मॅके ही तर नदीवरील पोलीसही नव्हती. १९९७ साली लंडनमधील एका घरात आरोपीस पकडण्यासाठी ती सर्वांच्या पुढे शिरली आणि सुरीच्या घावाने पंचविसाव्या वर्षी मरण पावली. तिचेही नाव थेम्सच्या पाण्यावर फिरू लागले. दोघांच्या मरणात जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर. एक हमालांचा मुकादम, दुसरी सुशिक्षित तरुणी. परंतु पुढे पाऊल टाकण्याची वेळ आली तेव्हा दोघेही मागे राहिले नाहीत, एवढे साम्य त्यांस एका रांगेत बसविण्यास पुरेसे ठरले.

या नामकरणात एक मर्म आहे. जुनी नौका झिजली म्हणजे ती मोडीत निघते, पण नाव मोडीत निघत नाही. ते नव्या नौकेस दिले जाते. आपल्या घरांत नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची जी रीत आहे, तिचाच हा एक प्रकार म्हणावयास हवा. नातवास नाव देताना आपण त्यास केवळ मान देत नाही, एक जबाबदारीही सोपवितो. ‘गॅब्रिएल फ्रँक्स’ या नावाची नौका बुडणाऱ्यास वाचविण्यास निघते तेव्हा त्या मुकादमाने अर्धवट सोडलेली गस्तच जणू पुढे चालू राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. हॅरियट यांस आपला वृत्तांत लिहिण्यास आयुष्य मिळाले, लेखणी मिळाली, छापखाना मिळाला. फ्रँक्सजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्याच्या बालपणाविषयी, घराविषयी, मुलाबाळांविषयी चार ओळीही कोणी लिहून ठेवल्या नाहीत. त्याच्या आयुष्यातील एका संध्याकाळीपुरताच इतिहासाचा दिवा त्याच्यावर पडला. योजना आखणाऱ्याचे नाव ग्रंथात राहते आणि ती योजना रक्ताने शिंपणाऱ्याचे नाव विसरले जाते, हा जगाचा नेहमीचा न्याय. थेम्सच्या पोलिसांनी मात्र दोघांचीही नावे नौकांवर सारख्याच मानाने रंगविली. या एका कृतीने त्यांनी जो न्याय केला, तो मोठमोठ्या इतिहासकारांकडूनही क्वचितच होतो.

प्रत्येक समाजात, प्रत्येक संस्थेत हॅरियट असतात आणि फ्रँक्सही असतात. पहिल्यांची छायाचित्रे आपण दिवाणखान्यात लावतो. दुसरे कोण होते, हे सांगणारी वडील मंडळी आहेत तोवरच त्यांची माहिती मिळते. कोणी वसतिगृहासाठी दारोदार फिरून मूठमूठ धान्य जमविले असेल, कोणी महापुरात शेजाऱ्याचे मूल काढताना स्वतः वाहून गेला असेल, कोणी साथीच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता स्वतःच अंथरूण धरले असेल. अशांची नावे घरोघरी विचारून घ्यावी, लिहून ठेवावी, आणि शक्य तर शिळेपेक्षा एखाद्या चालत्या कार्यास जोडावी. पुस्तकपेढीस, रुग्णवाहिकेस, विहिरीस, एखाद्या मुलीच्या शिक्षणाच्या निधीस ते नाव द्यावे. म्हणजे ते नाव वाचले जाण्याची वाट पाहत पडून राहणार नाही. रोज कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

जॉन हॅरियट यांचा बांध समुद्राने फोडला, घर आगीने नेले, आणि व्यापारात त्यांस यश आले नाही. परंतु पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नदीवर जो पहारा बसविला, तो दोन शतकांहून अधिक काळ उठलेला नाही. त्या पहाऱ्याची पहिली मोठी किंमत ज्याने मोजली, त्या मुकादमाचे नावही त्याच पाण्यावर, त्यांच्या नावाशेजारी फिरत राहिले आहे. थोर पुरुषाचे स्मारक असे असावे की, त्याच्या सावलीत लहान माणसाचे नाव झाकले न जाता उजळून दिसावे.